कोल्हापुरात रक्तविकारतज्ज्ञ शोधताना

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग असल्याचे यंदाच्या जुलैमध्ये निश्चित झाले. गेले पाच महिने त्यांचे उपचार कोल्हापुरातील एका रक्तविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात चालू आहेत. त्या दवाखान्याविषयी, आणि तिथवर पोहोचण्यात आमचे जे साडेतीन महिने गेले त्यांविषयी, हे लिहीत आहे. डॉक्टरांचे नाव मी मुद्दाम देत नाही. एका रुग्णाला गुण आला म्हणून दुसऱ्या आजाराच्या रुग्णाने तेच नाव धरून धावत सुटावे, ही आपल्याकडची रीत मला या काळात फार महागात पडलेली आहे.

आबांचे वय ६६. चैत्रात त्यांची कंबर दुखू लागली. शेतकरी माणसाची कंबर दुखणे ही काही बातमी नव्हे. उसाला पाणी पाजताना पाय घसरला असेल, असे सर्वांनीच गृहीत धरले. शहरातील एका अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढला, मणक्यांत झीज असल्याचे सांगितले, पट्टा दिला आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. रक्तात हिमोग्लोबिन ८.१ निघाले, तेव्हा लोहाच्या गोळ्या वाढल्या. महिन्याने पुन्हा तपासले तर ते ७.६ वर आले होते, आणि मग लोहाची इंजेक्शने सुरू झाली. त्या पहिल्याच तपासणीत ईएसआर (शरीरात काहीतरी बिघाड असल्याची सूचना देणारा आकडा) १२८ होता आणि रक्तातील एकूण प्रथिने १०.४ होती. प्रथिनांचे प्रमाण साधारण ६ ते ८ च्या दरम्यान असावे लागते, हे त्याच कागदाच्या उजव्या रकान्यात छापलेले होते. मी बँकेत कर्जाच्या प्रकरणांची छाननी करतो, कागद वाचण्याचाच पगार घेतो. तरी तो कागद फाईलमध्ये तीन महिने माझ्याच हाताने लावलेला पडून राहिला. त्यामुळे त्या डॉक्टरांना एकट्याला दोष देण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. तक्रार मात्र आहे, आणि ती अशी की, लोह देऊनही हिमोग्लोबिन उतरत असताना त्यांनी ‘हे माझ्या विषयातले नाही’ एवढे एक वाक्य बोलायला हवे होते.

जूनमध्ये आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ते वाक्य बोलले. ‘रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा,’ असे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले आणि आमचा शोध सुरू झाला. रक्ताचा डॉक्टर म्हणजे नक्की कोण, हे आम्हा घरातल्या कोणालाही ठाऊक नव्हते. आबांनी विचारले, ‘अरं, रक्ताचा डॉक्टर म्हंजे रक्त काढणारा का बरं करणारा?’ आम्ही हसलो. पण पहिल्या आठवड्यात आम्ही नेमकी तीच चूक केली. राजारामपुरीतल्या एका लॅबोरेटरीत जाऊन तिथल्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची भेट मागितली. त्यांनी शांतपणे समजावले की रक्त तपासून निदानाचा अहवाल देणे हे त्यांचे काम, उपचार करणारा वेगळा.

हा फरक नंतर मला जसा उमगला तसा इथे मांडतो, कारण पाट्या वाचता आल्या असत्या तर आमचे किमान तीन आठवडे वाचले असते. ‘कॅन्सरतज्ज्ञ’ ही पाटी निदान तीन निरनिराळ्या शाखांचे डॉक्टर लावतात. नावापुढे एम.सीएच. आणि सर्जिकल ऑन्कॉलॉजी असेल तर ते गाठ काढणारे शल्यविशारद असतात. रेडिएशन ऑन्कॉलॉजीतील एम.डी. असतील तर ते किरणोपचार देतात. आणि मेडिकल ऑन्कॉलॉजीतील डी.एम. किंवा डीआरएनबी असतील तर औषधांनी, म्हणजे केमोथेरपी वगैरे देऊन, उपचार करणारे. यांच्याखेरीज क्लिनिकल हिमॅटॉलॉजी ही स्वतंत्र शाखा आहे. तिची डी.एम. ही पदवी एम.डी. झाल्यावर आणखी तीन वर्षे शिकून मिळते, आणि त्या डॉक्टरांच्या कक्षेत रक्ताचे कर्करोग तर येतातच, पण थॅलेसेमिया, हिमोफिलिया, प्लेटलेट कमी होण्याचे विकार अशी कर्करोग नसलेली दुखणीही येतात. मायलोमावर हिमॅटॉलॉजिस्ट आणि मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट हे दोघेही उपचार करतात. आम्हाला मात्र एका नातेवाइकांनी, त्यांच्या जबड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया उत्तम केलेल्या सर्जनकडे पाठवले. सर्जन भले गृहस्थ होते. त्यांनी फी घेतली नाही आणि योग्य ठिकाणी जाण्यास सांगितले. तोवर आणखी आठ दिवस गेले होते. पदवीविषयी शंका असल्यास डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. मी ते केले, आणि आपण माणसावर संशय घेत आहोत अशी मनाला लागलेली टोचणी दोन मिनिटांत विसरलो.

कोल्हापुरात या शाखेचे काही डॉक्टर कायम राहणारे आहेत, तर काही पुण्या-मुंबईहून महिन्यातून एक-दोनदा येणारे. आम्ही आधी बाहेरून येणाऱ्या एका नामांकित डॉक्टरांची वेळ घेतली होती. भेट सात मिनिटांची झाली. त्यांनी तपासण्या अचूक लिहून दिल्या, हे मान्य करायला हवे. मात्र पुढची भेट पंधरा दिवसांनी, आणि मधल्या काळात ताप आला तर कोणाला दाखवायचे या प्रश्नावर त्यांच्या सहायकाचे उत्तर ‘जवळच्या कोणत्याही हॉस्पिटलला’ असे आले. ज्या आजारात दर आठवड्याला इंजेक्शन लागते आणि ताप आल्यास त्याच रात्री निर्णय घ्यावा लागतो, त्यासाठी ही व्यवस्था पुरेशी नाही, असे माझे मत तेव्हाच झाले. एकदाच्या सल्ल्यासाठी असे डॉक्टर जरूर गाठावेत. पण चालू उपचारांसाठी डॉक्टर गावात राहणारा असावा.

आता ज्यांच्याकडे आम्ही स्थिरावलो त्या दवाखान्याविषयी. पहिल्या भेटीची तपासणी फी १,००० रुपये होती आणि भेट जवळपास चाळीस मिनिटे चालली. टेबलावर एका बाजूला सूक्ष्मदर्शक होता. डॉक्टरांनी आबांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टी तयार करवली आणि ती स्वतः पाहिली. लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसत आहेत, हे त्यांनी मलाही डोळा लावून पाहायला दिले. त्याआधी त्यांनी मागितला तो सर्वांत जुना रिपोर्ट. एकूण प्रथिने १०.४, त्यांतले अल्ब्युमिन अवघे २.९, म्हणजे उरलेली साडेसात ग्लोब्युलिन या दुसऱ्या प्रकारची प्रथिने. या वजाबाकीभोवती त्यांनी पेनाने गोल काढला. मग त्यांनी मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन पाहिले, ते वाढून १.७ झाले होते, आणि वेदनाशामक गोळ्यांची सगळी पाकिटे टेबलावर ठेवायला सांगितली. या आजारात अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि एकाच साच्याचे प्रथिन रक्तात ओततात. त्याने मूत्रपिंडावर आधीच ताण येतो, आणि वर अशा वेदनाशामक गोळ्या म्हणजे आगीत तेल. त्या त्याच क्षणी बंद झाल्या. मायलोमाचे निदान व्हायच्या आधीच मिळालेला हा सल्ला, माझ्या मते, आम्ही दिलेल्या सगळ्या फीपेक्षा मोलाचा होता.

तपासण्यांची कारणे त्यांनी एकेक करून सांगितली. सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातील प्रथिने वेगवेगळी करून दाखवणारी तपासणी, तिच्या आलेखावर सपाट रानात एकच सुळका उभा राहावा तसे टोक येते. ते आबांच्या आलेखावर इतके स्पष्ट होते की मला शिकवावे लागले नाही. त्यानंतर फ्री लाइट चेन (त्याच प्रथिनाचे रक्तातील सुटे तुकडे), कॅल्शियम, शरीराच्या सर्व हाडांचे स्कॅनिंग आणि अस्थिमज्जेची तपासणी. या शेवटच्या तपासणीविषयी आपल्याकडे भीती फार आहे. ‘मणक्यातून पाणी काढतात आणि माणूस लुळा पडतो’ असे आमच्या भावकीत दोघांनी छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात सुई मणक्यात जातच नाही. कमरेच्या मागच्या बाजूला हाताला लागणाऱ्या खुब्याच्या हाडातून, ती जागा बधिर करून, आधी थोडा द्रव ओढून घेतात आणि मग हाडाचा काडीएवढा तुकडा काढतात. सगळे मिळून वीस मिनिटे लागली. द्रव ओढताना क्षणभर जोराची कळ येते, कारण ती कळ बधिर होत नाही. हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवले असल्यामुळे आबा दचकले नाहीत. तासाभराने ते चालत खाली उतरले आणि भवानी मंडपाजवळ चहा पिऊनच घरी जाण्याचा आग्रह त्यांनी धरला. रिपोर्टमध्ये प्लाझ्मा पेशी ३८ टक्के निघाल्या. हिमोग्लोबिन उतरण्यासारख्या खुणा सोबत असतील तर निदानासाठी हे प्रमाण १० टक्के असले तरी पुरते.

रिपोर्ट घ्यायला जाण्यापूर्वी माझ्या धाकट्या भावाने डॉक्टरांना फोनवर विनंती केली होती की, आबांना काही सांगू नये. डॉक्टरांनी ती ऐकून घेतली. पण आबा समोर बसल्यावर त्यांनाच विचारले, ‘आबा, रिपोर्टमध्ये काय आलंय ते तुम्हाला सांगू, का मुलांना सांगू?’ आबा म्हणाले, ‘दुखणं माझं हाय नव्हं? मग मलाच सांगा की.’ पुढची पंधरा मिनिटे ते आमच्याकडे न पाहता आबांशीच बोलत होते. हा आजार मुळापासून सहसा जात नाही, परंतु औषधांनी दबून राहतो, पुष्कळांचा अनेक वर्षे राहतो, आणि डोके वर काढले की औषध बदलावे लागते, असे त्यांनी सांगितले. आबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘म्हंजे हराळी. किती बी काढा, मुळी ऱ्हातीच.’ डॉक्टरांनी ती उपमा तिथल्या तिथे उचलली, आणि तेव्हापासून दर भेटीत ‘हराळी किती राहिली’ याच शब्दांत दोघांचे बोलणे होते. विनंती मोडल्याबद्दल भाऊ आठ दिवस नाराज होता. आज तोही मान्य करतो की, लपवले असते तर दर सोमवारी पोटात इंजेक्शन कशासाठी घ्यायचे, हे आबांना पटवून देण्यातच आमचा जीव गेला असता.

दुसऱ्या मताचा विषय आम्ही भीतभीतच काढला होता. डॉक्टर रागावतील, असे वाटले. त्यांनी उलट स्वतः पत्र लिहून दिले, काचपट्ट्या आणि ब्लॉक सोबत नेण्यास सांगितले आणि दोन आठवड्यांपेक्षा अधिक उशीर न करण्याची तेवढी अट घातली. ब्लॉक म्हणजे तपासणीसाठी काढलेला तुकडा मेणात घालून जपून ठेवलेला असतो तो. तो रुग्णाला मागता येतो, हे बहुतेकांना माहीत नसते. रिकाम्या हाताने गेल्यास मोठ्या रुग्णालयात सर्व काही पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने परळला टाटा मेमोरियलला गेलो. हे रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. तिथली गर्दी आणि तिथली शिस्त या दोन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय खऱ्या वाटत नाहीत. जनरल आणि प्रायव्हेट असे केसपेपरचे दोन वर्ग आहेत. आम्ही प्रायव्हेटचा काढला. आमच्या मागे रांगेत गडहिंग्लजचे एक जोडपे होते, ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पाच आठवडे राहत होते. तिसऱ्या दिवशी मिळालेल्या सल्ल्यात बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन हीच तीन औषधे होती, जी कोल्हापुरात आधीच लिहून मिळाली होती. आणि हे उपचार गावीच घ्यावेत, असे तिथल्या डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितले.

गावीच उपचार घेण्याचे महत्त्व आम्हाला पावसाने आणखी पटवले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुण्याकडची वाहतूक बंद पडली होती, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. आबांचे उपचार जुलैच्या अखेरीस सुरू झाले, आणि पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर पडल्याची बातमी आली की माझ्या मनात पहिला विचार सोमवारच्या इंजेक्शनचा येई. ते पुण्यात ठरलेले असते तर दर पावसाळ्यात टांगती तलवार राहिली असती.

डे-केअर विभाग लहान आहे, सहा खाटांचा. बोर्टेझोमिबचे इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली देतात आणि त्याला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो आधीच्या रक्त तपासणीत. इथल्या सिस्टरांचे काम मला दवाखान्यातील सर्वांत भरवशाचे वाटते. प्रत्येक वेळी जागा बदलून इंजेक्शन देणे, पायांना मुंग्या येतात का हे न विसरता विचारणे (या औषधाने मज्जातंतूंना इजा होऊ शकते), नागिणीपासून बचाव करणारी आणि रक्ताच्या गुठळ्या रोखणारी गोळी चालू आहे ना, याची खात्री करणे, हे सर्व त्या एका वहीत लिहून ठेवतात. सप्टेंबरमध्ये आबांनी मुंग्या येत असल्याचे सांगताच डोस कमी करण्यात आला. डेक्सामेथासोन घेतलेल्या रात्री आबांना झोप नसते आणि साखर २८० पर्यंत चढते. त्याचा तक्ता मात्र घरी आम्हीच ठेवतो.

खर्चाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ते कोणी नीट सांगत नाही. डॉक्टरांचा दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाही. पण ते ज्या रुग्णालयाशी संलग्न आहेत ते आहे, आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा, हे त्यांनी स्वतः सांगितले. आता योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि निदानाचा रिपोर्ट देऊन पूर्वमंजुरी घ्यावी लागते. त्यामुळे निदान होईपर्यंतचा खर्च, आमच्या बाबतीत सुमारे ३८,००० रुपये, खिशातूनच गेला. पहिले इंजेक्शन मंजुरीपूर्वी बाहेरून घेतले, तेव्हा छापील किंमत आणि दुकानदाराने लावलेली किंमत यांत निम्म्याहून अधिक फरक आढळला. कर्करोगाच्या औषधांवरील छापील किंमत ही बोलणी सुरू करण्याची जागा आहे, असे समजून चालावे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१९ मध्ये ४२ औषधांच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली ती उगाच नव्हे. आमच्या डॉक्टरांनी ठरावीक दुकानाचा आग्रह धरला नाही, औषधाचे मूळ नाव ठळक लिहिले आणि कोणत्या कंपन्यांचे चालेल हे बाजूला नमूद केले. ज्यांना योजनेत बसता येत नाही त्यांनी शासकीय उपचारांसाठी सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, चौकशी करण्यात कमीपणा मानू नये.

उणिवाही सांगायला हव्यात. वेळ अकराची मिळते आणि नंबर दीडला लागतो. पाच महिन्यांत एकदाच आम्ही तासाभरात आत गेलो. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी उतरलेली आहे असे रुग्ण आणि खोकणारे नातेवाईक एकाच अरुंद व्हरांड्यात बसतात, हे मला अजिबात पटत नाही. मास्कची पाटी लावलेली आहे, पण आग्रह कोणी धरत नाही. लिफ्ट आहे, परंतु वीज गेली की दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना. पाठीचे मणके ठिसूळ झालेल्या माणसाला तो चढायला लावणे धोक्याचे आहे, आणि ऑगस्टमध्ये एकदा आम्ही आबांना खुर्चीत बसवून चौघांनी वर नेले. स्वागतकक्षातील फोन दुपारनंतर कोणी उचलत नाही. रात्रीसाठी वेगळा क्रमांक आहे, तो मात्र चालतो: ऑक्टोबरमध्ये रात्री साडेअकराला १०१ ताप असल्याचे कळवले तेव्हा दहा मिनिटांत डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला आणि तासाभरात आबा दाखल होऊन प्रतिजैविक सुरू झाले होते. आहाराविषयीचा सल्ला अगदीच तोकडा मिळतो. गव्हांकुराचा रस, गोमूत्र आणि पपईच्या पानांचा काढा यांविषयी गावात रोज नवे सल्ले मिळत असताना, काय घ्यावे आणि काय टाळावे हे छापलेला एक कागद दिला असता तर घरातले निम्मे वाद टळले असते.

डॉक्टरांचे बोलणे काहींना कोरडे वाटेल. ते पाठीवर हात ठेवत नाहीत, ‘काही होत नाही’ म्हणत नाहीत. माझ्या आईला सुरुवातीला हे फार लागले. नंतर तिच्या लक्षात आले की, त्यांनी ‘चांगले आहे’ म्हटले की ते खरेच चांगले असते.

चार सायकलनंतर, म्हणजे औषधांच्या चार फेऱ्यांनंतर, आलेखावरचा तो सुळका जवळजवळ सपाट झाला आहे, हिमोग्लोबिन ११.२ आहे आणि क्रिएटिनिन १.१ वर आले आहे. आता ऑटोलॉगस प्रत्यारोपणाचा, म्हणजे आबांच्याच मूळ पेशी काढून साठवून, भारी डोसाची केमो देऊन त्या परत चढवण्याचा प्रश्न समोर आहे. हे आपल्या दवाखान्यात होत नाही, असे डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगून ठेवले होते. पुण्यातील आणि मुंबईतील केंद्रांना पत्रे तयार आहेत. लेनालिडोमाइड फार दिवस चालले की मूळ पेशी गोळा करणे अवघड होते, म्हणून निर्णय लांबवू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. आबांचे म्हणणे असे की, उसाला तोड आल्याशिवाय ते गाव सोडणार नाहीत. गेल्या सोमवारी या विषयावर दोघांची वाटाघाट झाली. डॉक्टरांनी कारखान्याची तोड कोणत्या तारखेला येणार हे विचारले, कॅलेंडर पाहिले आणि तीन आठवडे दिले. त्या तारखेच्या आत टोळी आली नाही तर काय, असे आबांनी विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘मग मुलगा तोडणी बघेल, तुम्ही पुण्याला.’ टोळीच्या मुकादमाला मी आता रोज सकाळी फोन करतो.